एसी कुठल्या खोलीत

शुक्रवार होता म्हणून ताटात मुगाचं कालवण आणि सुकी मासळी होती. आणि उत्तर फिलिपिन्समधल्या तुगेगाराओचा एप्रिल होता म्हणून जेवणाऱ्या सातही जणांच्या हनुवटीवरून घाम थेट ताटात टपकत होता. डेल्फिनने शेवटचा घास गिळला, बोटं चाटली आणि निवडणुकीच्या सभेत उभं राहिल्यासारखा घसा खाकरला.

"ठरलं. एसी घ्यायचा. नानांगसाठी."

नानांग म्हणजे आई. ऐंशी ओलांडलेली, काटक. पण मागच्या आठवड्यात अंगणात शेंगा सोलता सोलता तिला घेरी आली होती. पाठभर घामोळं फुललं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर उभं करून बजावलं होतं, म्हातारीला रात्री तरी गारव्यात झोपवा, पुढच्या खेपेला नुसत्या घेरीवर निभावेलच असं नाही.

"मला कशाला एसी?" नानांग म्हणाली. "माझी आई काय एसीत झोपून नव्वदीला पोचली?"

"तुझ्या आईच्या वेळी एवढं तापत नव्हतं."

"तापत होतं. आम्ही बोंबलत नव्हतो."

पोरं तोवर टेबलाखाली एकमेकांना लाथा मारून आनंद साजरा करत होती. थोरली क्रिसेल तेवढी कामाचं बोलली. "पण पापा, लावणार कुठे?"

डेल्फिनने हातातल्या माशाच्या काट्याने दिशा दाखवली. "मनांग फेमीच्या खोलीत."

फेमीचा चमचा तोंडाशीच थांबला.

"साधा हिशेब आहे, मनांग," डेल्फिन म्हणाला. ती त्याची थोरली बहीण, त्यामुळे हिशेब समजावतानाही त्याच्या आवाजात थोडा आदर असायचा. "तुझी खोली घरात सगळ्यांत लहान. वर आंब्याची सावली, भिंतीला ऊन नाही. अर्ध्या हॉर्सपॉवरचं चिमुकलं यंत्र पुरेल. बिलही चिमुकलं. रात्र झाली की चटया अंथरायच्या आणि सगळ्यांनी तिथेच झोपायचं."

"सगळ्यांनी," फेमी म्हणाली.

"मग? शेजारी मालेनाबांकडे नऊ जण झोपतात एका खोलीत."

"डब्यातल्या सार्डिन माशांसारखे," डेल्फिनची बायको मारिविक म्हणाली.

"डब्यातल्या सार्डिनला कधी घाम आलेला बघितलास?"

सगळे खदखदून हसले. फेमीही हसली. हसायची वेळ आली की तिचं तोंड आपोआप हसायचं, त्यासाठी आतून काही लागायचं नाही.

पूर्ण नाव एउफेमिया तुमालिवान. वय एक्कावन्न. लग्न झालं नाही, आणि आता कुणी विचारायचंही सोडलं होतं. नोकरी बस-स्टँडवर, माईकपाशी. मनिलाची गाडी कुठल्या फलाटावर, इलागानची किती वेळात सुटणार, कुणाचं पोर हरवलंय, कुणाची कोंबड्यांची टोपली मागे राहिलीय, हे सगळं फेमी सांगायची. तिचा आवाज अख्ख्या गावाला पाठ होता. बाजारात वांगी घेताना तिने नुसतं "कसे दिले?" विचारलं, तरी दोन बायका सवयीने आपापलं सामान उचलायच्या.

आणि या बाईला आयुष्यात एकटीला झोपायला कधी मिळालं नव्हतं. लहानपणी भावंडांच्या रांगेत, एका लांब चटईवर, कडेची जागा धाकट्यांना भीती वाटते म्हणून ही कायम मधोमध. मनिलात शिकायला गेली तेव्हा भाड्याच्या खोलीत सहा मुली, वरखाली पलंग. बाप आजारी पडला तेव्हा इस्पितळात त्याच्या खाटेखाली. मग परत आली ती थेट नानांगच्या पलंगावर, नानांगच्या पाठीला पाठ लावून. तिला याचं दुःख होतं असंही नाही. मासा पाण्याबद्दल काय तक्रार करणार? दोन वर्षांपूर्वी डेल्फिनने हॉलच्या बाजूची अडगळीची खोली रिकामी केली. तिला हॉलच्या बाजूने प्लायवूडची भिंत घातली, दार बसवलं आणि म्हणाला, "मनांग, घे, तुला कपडे ठेवायला." तेव्हा कुठे तिला कळलं, आपल्याला काय हवं होतं ते.

त्या दाराला आतून कडी होती.

कडी लावून ती आत काय करायची? काहीच नाही. हीच तर गंमत होती. पलंगाच्या कडेला बसायची. पायाला पाय घासायची. एखाद दिवशी एक अख्खा आंबा, कुणाला फोड न देता, कोय चोखून संपवायची. रेडिओसुद्धा लावायची नाही. दिवसभर जो आवाज साऱ्या गावाचा होता, तो त्या दाराआड तिच्या गळ्यात गप्प पडून राहायचा आणि सकाळी ताजा होऊन बाहेर यायचा.

पण हे सांगणार कसं, आणि कुणाला? एकदा ती मारिविकला सहज म्हणाली होती, "मला एकटीला झोप छान लागते." तर मारिविकने पाठीवर हात ठेवून विचारलं होतं, "मनांग, कुणी काही बोललं का तुम्हाला?" मग जरा वेळाने म्हणाली होती, "आपल्यात तर मेलेल्यालाही एकटं ठेवत नाहीत. रात्रभर बसतो, पत्ते खेळतो त्याच्यासाठी. तुम्ही तर धडधडीत जिवंत." दुसऱ्या दिवसापासून क्रिसेल तासभर गप्पा मारायला तिच्या खोलीत यायला लागली होती. तिला पाठवलं कुणी हे विचारायची गरज नव्हती.

म्हणून त्या शुक्रवारी फेमीने "माझी खोली नको" असं म्हटलंच नाही. तिने ताटातलं कालवण पुसून खाल्लं आणि म्हणाली, "यंत्र मी निवडते. तुम्ही लोक नुसतं छोटं बघून भुलाल."

"निवड ना," डेल्फिन खूश झाला. "तुझ्यासारखी चोखंदळ कोण आहे आपल्यात?"

पुढचे काही दिवस फेमी दुपारच्या सुट्टीत जेवणाचा डबा माईकपाशी ठेवून मॉलमध्ये जायची. एसीच्या दुकानात प्रत्येक यंत्रावर एक पिवळी चिठ्ठी डकवलेली असते, ती वाचत हिंडायची. चिठ्ठीवर तारे असतात आणि एक आकडा असतो. आकडा जितका मोठा, तितकी त्याच विजेत जास्त थंडी, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. बाकीचं तिने दुकानातल्या जोवेलिन नावाच्या पोरीकडून काढून घेतलं. पोरगी दिवसभर गारव्यात उभी राहून निळी पडलेली असायची, तिलाही बोलायला कुणीतरी हवंच होतं.

"मॅम, यंत्र खोलीच्या मानाने घ्यायचं," जोवेलिन सांगायची. "खोली केवढी, ऊन किती, छप्पर कसलं. आणि माणसं किती ते आधी. एक माणूस म्हणजे एक छोटी शेगडीच हो."

"सात शेगड्या," फेमी म्हणाली.

"मग अर्ध्याचं बिचारं जीव देईल, मॅम. रात्रभर धापा टाकत पळेल, थांबायला म्हणून मिळणार नाही. बिल वाढेल ते वर."

फेमीला वाटलं, त्या पोरीचा मुका घ्यावा.

रविवारी चर्चमधली मिसा आटोपून सगळं खटलं दुकानात आलं. नानांगला चाकांच्या खुर्चीची गरज नव्हती, पण मॉलची खुर्ची फुकट होती म्हणून ती ऐटीत बसली होती. पोरं प्रत्येक एसीखाली उभी राहून तोंड आ करत होती. डेल्फिन सरळ कोपऱ्यातल्या सगळ्यांत लहान यंत्रापाशी गेला आणि त्याच्या डोक्यावर थोपटलं, जसं काही बाजारात डुकराचं पिल्लू विकत घेतोय.

"हे बघ, मनांग. किती गोड आहे."

"गोड आहे. पण सात माणसांत ते चार दिवसांत मरेल," फेमी म्हणाली. "जोवेलिन, सांग याला शेगड्यांचं."

जोवेलिनने शेगड्यांचं सांगितलं. मारिविकने लगेच नवऱ्याच्या पोटाकडे बघून विचारलं, "हे एक माणूस धरायचं का दोन?"

"आणि हे बघ," फेमी घाईने पुढे सरकली. पलीकडे दीड हॉर्सपॉवरचं पांढरं शुभ्र यंत्र होतं, इन्व्हर्टरवालं, पिवळ्या चिठ्ठीवर पाचही तारे. "साधं यंत्र चालू-बंद, चालू-बंद करतं, आणि प्रत्येक वेळी चालू होताना वीज गिळतं. हे बंदच होत नाही. खोली गार झाली की आपोआप मंदावतं. सायकल उताराला लागल्यावर कसे पाय नुसते ठेवायचे, तसं. मोठं यंत्र आरामात चालवलेलं स्वस्त पडतं, छोटं यंत्र पळवलेलं महाग."

डेल्फिनने डोळे बारीक केले. "पण मग एवढं मोठं यंत्र तुझ्या त्या काडेपेटीत कशाला?"

हाच प्रश्न यायला हवा होता. फेमी गेले कित्येक दिवस त्याची वाट बघत होती.

"माझ्या खोलीत नाहीच. हॉलमध्ये."

मारिविक म्हणाली, "हॉलला पश्चिमेचं ऊन आहे, मनांग. आणि स्वयंपाकघराला दारच नाही. सगळी थंडी भातच खाईल."

"जाड पडदे लावू. स्वयंपाकघराच्या तोंडाला प्लॅस्टिकचा पडदा, खाटकाच्या दुकानात असतो ना, तसा. फटी कापडाने बुजवू. पंचविसावर ठेवायचं आणि जोडीला पंखा, म्हणजे यंत्राला कष्ट नाहीत. नानांगला रात्री संडासला जायला हॉल जवळ. माझ्या खोलीत सात चटया टाकल्या तर ती उठणार कुणाच्या डोक्यावर पाय देऊन?"

"डेल्फिनच्या," नानांग खुर्चीतून म्हणाली. "मऊ आहे."

सगळे हसले, तरी डेल्फिन पांढऱ्या यंत्राभोवती फेऱ्या मारतच राहिला. त्याच्या कपाळावरची आठी हलेना. "चिक्कू इलोकानो बापाची पोरगी आणि मोठं यंत्र घे म्हणते. तातांग थडग्यात उठून बसतील."

"बसू देत. आतमध्ये गारच असेल."

"आणि ही जास्तीची ताकद? नुसती पडून राहणार?"

"ताकद असलेली बरी, सर," जोवेलिन म्हणाली. विक्री होताना बघून पोरगी खुलली होती. "हॉल गार करून वर उरेल एवढं आहे हे. गार हवा जड असते, खाली खाली पसरत जाते. खूप लांब पोचेल."

"ऐकलंस?" फेमी म्हणाली. "उरेल एवढं आहे."

मारिविक मात्र नणंदेकडे टक लावून बघत होती. "मनांग, तुम्हाला हॉलचंच एवढं का पडलंय?"

खरं सांगायची ती एक संधी होती. आजूबाजूला गारवा होता, सगळे खुशीत होते. फेमीच्या ओठांवर वाक्य आलं सुद्धा. पण खुर्चीतून नानांग वर बघत होती. कुणी काही कुजबुजलं की आपल्याबद्दलच असणार अशा नजरेने. फेमीने वाक्य गिळलं.

"मला नानांगचीच काळजी," ती म्हणाली.

मारिविकच्या डोळ्यांत पाणी आलं. पांढरं यंत्र घेतलं गेलं.

ते हॉलच्या खिडकीत बसलं, पडदे लागले, खाटकाचा पडदा लागला. पहिल्या संध्याकाळी घरात सण होता. चटया पडल्या, उशा पडल्या, पोरं उगाच पांघरुणं घेऊन कुडकुडल्याचं नाटक करायला लागली. नानांग मधोमध, राणीसारखी. घामोळ्यावर पावडर लावून पांढरी झालेली.

"मनांग, इथे, माझ्या शेजारी," मारिविकने जागा थोपटली.

"मला पहाटेची पाळी आहे. तुमची झोपमोड होईल."

"तिकडे भाजून निघाल."

"आंब्याची सावली आहे ना मला," फेमी म्हणाली आणि आपल्या खोलीत जाऊन कडी लावली.

आत भट्टी होती. तिने पंखा अंगावर घेतला, ओला पंचा मानेला गुंडाळला आणि पलंगावर बसून राहिली. भिंतीपलीकडे सगळे बोलत होते, पण प्लायवूडमधून नुसती गुणगुण येत होती. कुणी कुणाला काय म्हटलं ते कळत नव्हतं. म्हणजे त्याला उत्तर देण्याचीही जबाबदारी नव्हती. उकाड्याने तिचा जीव कासावीस झाला होता आणि तिला इतकं सुख कधी झालं नव्हतं. जिंकलो, असं तिला वाटलं. यंत्र निवडताना आपण खोली निवडली.

पण सकाळी तिचे डोळे सुजलेले दिसायचे. मानेवर लाल चट्टे उठले. स्टँडवर माईकपाशी तिला जांभई आली आणि ती जांभई सगळ्या फलाटांवर ऐकू गेली. घरच्यांनी ते ऐकलं नाही, पण चट्टे बघितले. जेवताना डेल्फिन तिच्या मानेकडे बघायचा. मारिविक तिच्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढायची. नानांग रोज विचारायची, "फेमी, रागावलीस का कुणावर?"

"नाही गं, नानांग."

"मग तिकडे का झोपतेस शिक्षा दिल्यासारखी?"

पुढच्या रविवारी फेमीची सकाळची पाळी होती. दुपारी घरी आली तेव्हा दारातच लाकडाच्या भुशाचा वास आला. हॉलमध्ये सगळे उभे होते. उभे म्हणजे, वाढदिवसाला केक लपवून उभे राहतात तसे. क्रिसेलने हाताने तोंड दाबून धरलं होतं. मारिविकच्या हातात केरसुणी होती.

"डोळे मिट," डेल्फिन म्हणाला.

"डेल्फिन, मी दमलेय."

"म्हणून तर. मिट."

त्याने तिला खांद्याला धरून तिच्याच खोलीत नेलं. "उघड."

पलंगावर नवी चादर होती. उशीला नवा अभ्रा. आणि उशीच्या शेजारी, प्लायवूडच्या भिंतीत, दोन हात लांब आणि हातभर उंच असं भलंमोठं भोक होतं. कडा छान घासून काढलेल्या, वरून पांढरा रंगही दिलेला. भोकातून हॉल दिसत होता. हॉलमधली नानांगची चटई दिसत होती, भिंतीपाशी सरकवलेली, अगदी हाताच्या अंतरावर. आणि गार हवेचा एक पट्टा सरळ तिच्या उशीवरून वाहत होता.

"वरती कापणार होतो," डेल्फिन सांगत होता. "पण मग त्या पोरीचं आठवलं, गार हवा जड असते, खाली पसरते. म्हणून खाली कापलं, बरोब्बर उशीच्या उंचीला. तूच म्हणालीस ना, उरेल एवढी ताकद आहे? ती वाया जात होती, मनांग. आता एकाच यंत्रात दोन खोल्या. मालेनाब बघायला येऊन गेला. म्हणाला, डोकं आहे तुमच्या घरात."

फेमी भोकाकडे बघत राहिली. भोकातून क्रिसेलचा चेहरा उगवला आणि आत्याला हाक आली. "टीटा! दिसते का मी?"

"दिसतेस."

"मला पण तू दिसतेस!"

"डेल्फिन," फेमी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, इतका तो बारीक होता. "विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू नकोच म्हणाली असतीस," डेल्फिन म्हणाला. "मी ओळखत नाही का तुला? सगळ्यांना गारव्यात झोपवलंस आणि स्वतः इथे भाजत बसलीस. तू कधी स्वतःसाठी काही मागितलंयस?"

तेव्हा मात्र फेमीने ते म्हटलं. नीट, शब्द मोकळे करून. "मला एकटीला राहायला आवडतं. मला खरंच एकटीलाच बरं वाटतं, डेल्फिन."

मारिविक हुंदका देऊन पुढे आली आणि तिने फेमीला घट्ट मिठी मारली. "बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "अजूनही हेच. आमची अडचण होऊ नये म्हणून काय काय बोलतात."

"मनांग लाजते," डेल्फिन म्हणाला आणि त्याचेही डोळे भरून आले.

"झोप जरा," पलीकडून नानांगचा आवाज आला. तो आता भिंतीतून नाही, थेट कानाशी आला. "झोपून बघ कसं वाटतं ते."

सगळे वाट बघत होते. फेमी पलंगावर आडवी झाली. हवा मानेवरच्या चट्ट्यांवरून गेली आणि तिच्या अंगातला गेल्या कित्येक दिवसांचा ताप एकदम उतरायला लागला. इतकं बरं वाटलं, की तिला रडू आलं. ते रडू बघून घरातल्या सगळ्यांना कृतार्थ वाटलं आणि ते एकमेकांना ढकलत, शू शू करत बाहेर गेले. जाताना मारिविकने दार सताड उघडं ठेवलं, हवा खेळायला.

फेमी उठली, दार लावलं, कडी घातली. मग भोकाकडे बघून तिला कडीचं हसूच आलं. पण तेही धड आलं नाही. तिने उशी उचलून पलंगाच्या दुसऱ्या टोकाला टाकली, भोकाकडे पाय केले आणि तोंड विरुद्ध बाजूच्या भिंतीकडे फिरवून पडली. पलीकडे पोरं पत्ते वाटत होती. डेल्फिन मालेनाबाला फोनवर करवतीचं पातं कुठलं ते सांगत होता. एकेक शब्द कळत होता.

थोड्या वेळाने काहीतरी तिच्या पायाला लागलं. नानांगचा हात होता. सुरकुतलेला, पावडर लागलेला, भोकातून आत आलेला. त्याने चाचपडत तिचा अंगठा शोधला, मग दुसरा.

"केवढे गार पडलेत गं पाय," नानांग म्हणाली. हाताने चादर ओढली, दोन्ही पाय नीट झाकले, वरून थोपटलं आणि तो हात तिथेच राहिला. "फेमी? झोपलीस?"

फेमीने डोळे मिटले आणि श्वास लांब, सावकाश घ्यायला लागली, अगदी गाढ झोपलेल्या माणसासारखा. जागी आहे असं कळलं असतं, तर नानांग बोलायला लागली असती.